टोकं नसलेल्या फांद्या

३ फेब्रुवारी

प्रिय गोगलगायीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी भिंतीला टेकला असशील. सरळ उभा राहा, कुणीही गेलेलं नाही. नाना आहेत. चौऱ्याहत्तर पूर्ण झाली, भूक शाबूत आहे, तोंड त्याहून शाबूत आहे. डोळे मात्र गेल्या वर्षापासून कामावर येत नाहीत. मीही आहे. नऊ वर्षांत वजन वाढलं आणि हुद्दा वाढला, बाकी काही वाढलं नाही.

फोन केला नाही, कारण तू उचलणार नाहीस. आणि समजा उचललास, तर मी पहिल्याच मिनिटाला काहीतरी विनोद करीन, तू हसणार नाहीस, आणि मग मी हवेतल्या उकाड्याबद्दल बोलत बसेन. कागद बरा. त्याच्याकडून हसण्याची अपेक्षा नसते.

काम आहे म्हणून लिहिते. आपल्या त्या निबंधावर हरकत आली आहे. 'आपल्या' म्हणायचं आपलं; वर नाव नानांचं आणि माझं. तुझं शेवटी, बारीक टाइपात, 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' या सदरात, काचसामान धुणाऱ्या मावशींच्या खालोखाल. दूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत तिघा जणांनी तेच शेवाळ घेतलं, तेच हिरवं, पानापानाचं, लोक सूपमध्ये घालतात ते. त्यातून तोच पदार्थ काढला, म्हणजे साखरेच्या रेणूंची ती लांबलचक माळ, जागोजागी सल्फेट लटकलेली. आणि ते म्हणतात, माळ सरळ आहे. फांदी एकही नाही. आपला अख्खा निबंध फांद्यांवर उभा, हे तुला सांगायला नको. नियतकालिकाच्या संपादकांनी मला अतिशय नम्रपणे विचारलं आहे की तुमच्या फांद्यांचा मूळ पुरावा पाठवाल का. संपादक इतका नम्र झाला की समजावं, सुरीला धार लावून झालेली आहे.

प्रयोगशाळेला मध्यंतरी रंग दिला, त्यात जुनी नोंदपुस्तकं कुठे गेली ते रंगाऱ्यांना माहीत. तुझी वही मात्र तुझ्याकडे असणार. शेवाळ धुताना त्यातले तांदळाएवढे शंख एकेक करून वेचणारा आणि बादलीभर पाण्यात परत समुद्रावर नेऊन सोडणारा माणूस वही टाकत नाही. तेवढी पाठव.

त्या वेळी जे झालं त्यात दोघांचंही थोडं थोडं चुकलं. नऊ वर्षं झाली. आता मनात ठेवू नकोस.

तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. नको वाटलं तर नको सांगूस.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय गोगलगायीस,

गेले तीन आठवडे मी टपालवाल्याकडे बघून अशी काही हसते की बिचारा समोरच्या फुटपाथवरून जायला लागला आहे. तुझं काही नाही. ठीक आहे. तुला वेळ लागतो हे घरात आधीपासून सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच नाव नाही पडलं.

आत्या गेल्या वर्षापासून आमच्याकडे असते. कान गेले आहेत, पण जे तिच्यासाठी नसतं तेवढं नेमकं ऐकू येतं. परवा जेवताना म्हणाली, "अरे, तुझ्या त्या शेवाळाबद्दल कुणीतरी कुरकुर केली आहे म्हणे." झालं. नानांनी भात अर्धा टाकला आणि फर्मान सुटलं, काय लिहिलंय ते वाचून दाखव.

रोज चार ते पाच मी त्यांना वाचून दाखवते. खुर्ची खिडकीशी, पाय स्टुलावर, भिंतीवर निबंधातली ती फांद्यांची आकृती फ्रेम करून लावलेली. त्यांना ती दिसत नाही, पण पुसली नाही तर कळतं. मी वाचायला घेतलं. पहिल्याच परिच्छेदात 'सरळ' शब्द आला. मी वाचला 'फांद्यायुक्त'. पुढे 'आढळली नाही' आलं, मी 'आढळली' वाचलं. आठ पानं अशीच वाचली. इतकं अस्खलित खोटं मला न अडखळता वाचता येतं हे माझं मलाच नवीन होतं. नाना खूश. म्हणाले, "बघ, जगाला पटायला नऊ वर्षं लागली. आणि ते गाढव म्हणे, पाणी राहिलं होतं!"

मग मान खुर्चीवर मागे टाकली. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाले, "काय करतो गं तो आता?"

मी म्हटलं, माहीत नाही.

आत्या दारात उभी होती. मी बाहेर आल्यावर मागोमाग स्वयंपाकघरात आली. "फांदी आहे की नाही हे तुम्हाला कळतं तरी कसं? भिंग लावून बघता?" मी तिला सांगितलं. समज, माळेतल्या प्रत्येक मण्याला काही हात आहेत. दोन हातांनी त्याने शेजाऱ्यांना धरलंय, एखाद्या हातात सल्फेट, बाकीचे रिकामे. आधी सल्फेट काढून घ्यायचे. मग जो हात रिकामा दिसेल त्याला एक मोजा चढवायचा. आम्ही त्याला मेथिलेशन म्हणतो, म्हणजे बाहेर बोलताना भारदस्त वाटतं. मग माळ तोडायची आणि प्रत्येक मणी तपासायचा. ज्या हाताला मोजा नाही, तो कुणाचा तरी हात धरून होता. दोन शेजाऱ्यांखेरीज तिसराही धरलेला निघाला, तर तिथे फांदी.

"आणि मोजा चढलाच नाही तर?" आत्या म्हणाली.

तीन परीक्षकांनी निबंध तपासला होता, गोगलगायी. तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, माल नीट वाळलेला नसला तर मोजा चढत नाही खरा. मग रिकामा हातसुद्धा कामात असल्यासारखा दिसतो.

"आमच्या ह्यांची कचेरी," आत्या म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

आता जे लिहायचं ते लिहिते. या महिन्यात मी प्रयोग पुन्हा केला. तुझ्या पद्धतीने. तीन दिवस वाळवलं, हवा ओढणाऱ्या पंपापासून हलले नाही, मेथिलेशन एकदा नाही, तीनदा केलं. यंत्राचा कागद बाहेर आला तो तुझाच. तीच शिखरं, त्याच जागी. दुसऱ्या कार्बनवर, जिथे आपल्या फांद्या फुटल्या होत्या, काही नाही. फांदी एकही नाही.

मागच्या पत्रात 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं' असं एक वाक्य आहे. ते खोडून टाक.

तुझी ताई


२१ मार्च

प्रिय गोगलगायीस,

वही पोचली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर प्लास्टिक, वर सुतळी, सुतळीला सात गाठी. कात्री न लावता सोडवल्या. अर्धा तास लागला. तुझ्याशी बोलायलाही साधारण एवढाच लागायचा.

पान त्रेचाळीस उघडलं. 'पंप बंद. शनिवार ११ ते सोमवार ९.' आणि त्याखाली, तुझ्याच अक्षरात, 'माझ्या हातून बंद राहिला.'

हे वाक्य मला नवीन नव्हतं, तूच तेव्हा दाखवलं होतंस. पण विसरण्याची मी इतकी चोख व्यवस्था केली होती की वाचताना क्षणभर खरोखर वाटलं, अरे, याच्या हातून राहिला होता की काय!

आता मधे थांबवू नकोस. एकदाच सलग लिहू दे.

नानांच्या निवृत्तीला पंधरा दिवस होते. त्या शनिवारी सत्कार समितीचे लोक त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करायला प्रयोगशाळेत आले. माल डेसिकेटरच्या बंद काचपात्रात वाळत होता आणि आपला तो पंप खडखडत होता. 'शास्त्रज्ञाची अखंड साधना' म्हणता म्हणता अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी पंप बंद केला. आधी डेसिकेटरची तोटी फिरवायची असते, नाहीतर हवा उलटी आत शिरते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. मी फिरवली नाही. मी त्या वेळी अध्यक्षांना चहात साखर किती, हे विचारत होते. आणि इथली हवा म्हणजे निम्मा समुद्र. मुलाखत झाली, फोटो झाले, सगळे खाली उतरले, मी कुलूप लावलं. सोमवारी नऊला दार उघडलं तेव्हा ती शांतता ऐकू आली. पंप सुरू केला. तू दहाला आलास, तोवर माल 'दोन दिवस वाळलेला' झाला होता.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण ते मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. फांद्या दिसल्या. नाना टेबलाचा कोपरा धरून उभे राहिले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या निबंधांत तळटीप होऊन राहिलेला माणूस. घरी येऊन त्यांनी आईच्या फोटोला सांगितलं, आवाज न करता, ओठ हलवून. ते बघितल्यावर मला पंप आठवणं बंद झालं.

तुला नाही झालं. तू टोकं मोजत बसलास. "तायडे, शंभर मण्यांत अठरा फांद्या आहेत. मग टोकंही निदान अठरा हवीत. दोनच आहेत. बाकीच्या सोळा फांद्या संपतात कुठे?" मी म्हटलं, उगाच फाटे फोडू नकोस. पुन्हा वाळवलंस, आठवडा घेतलास, आणि फांद्या नाहीशा झाल्या. मग तू माझ्याकडे आलास. पंप कधीपासून कधीपर्यंत बंद होता एवढंच विचारलंस, मी वेळा सांगितल्या; कुणी बंद केला, हे विचारलंसुद्धा नाहीस. वहीत ते वाक्य लिहिलंस, मला दाखवलंस आणि म्हणालास, "माझ्या नावावर जाऊ दे. माझ्या चुकांची नानांना सवय आहे. तुझी निघाली तर खुर्ची द्यायला बिचकतील ते."

मग नानांच्या खोलीत आपण तिघं. तू म्हणालास, "पंप माझ्या हातून बंद राहिला. पहिला निकाल धरता येणार नाही." नानांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद होता?"

मी म्हणाले, "नाही. चालूच होता. मी स्वतः पाहिला."

सहा शब्द. सबंध आयुष्यात मी इतकं आटोपशीर कधी बोलले नाही.

मग तुझ्या सरळ माळेचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. तोही मीच सोडवला. "तीनतीनदा अल्कलीत बुडवल्यावर फांद्या तुटणारच, नाना." त्यांना तेवढंच हवं होतं. "मत्सर," ते म्हणाले. "सख्ख्या बहिणीचा, सख्ख्या बापाचा. वर वहीत खोटी नोंद! मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." तू माझ्याकडे बघत राहिलास. मी तुझ्या चपलांकडे.

तू गेल्यावर महिन्याभराने, सुट्टीच्या दिवशी, मी एकटीने प्रयोग पुन्हा केला होता. तेव्हाही फांद्या नव्हत्या. कागद फाडला, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

वहीतली चिठ्ठी मिळाली. 'नानांना सांग. सांगितलंस की कळव. मग येतो.' शिवी नाही, टोमणा नाही. शिवी असती तर मला उत्तर देता आलं असतं.

सांगते. याच आठवड्यात.

तुझी ताई


१४ एप्रिल

प्रिय गोगलगायीस,

'याच आठवड्यात'ला तीन आठवडे झाले. तुझं कार्ड आलं. मजकूर, 'मग?' सहीसुद्धा नाही. आत्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "बोलका झालाय की गं!"

संपादकांचं काम झालं आहे. चुकीची दुरुस्ती लिहून पाठवली. पंप कुणी बंद केला, माल किती ओला होता, योग्य निकाल कुणाचा, सगळं. तुझं नाव आभारांतून काढून वर घेतलं आहे. संस्थेच्या संचालकांनी बोलावून घेतलं आणि 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं म्हणता येणार नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, तांत्रिक कारण मीच आहे. ते दचकले. एवढं सगळं मला जमलं. परक्यांसमोर मान खाली घालणं सोपं असतं रे, ते संध्याकाळी घरी जातात.

नानांना नाही सांगितलं.

पहिल्या सोमवारी ठरवलं होतं. चार वाजता खुर्ची ओढली, घसा साफ केला, तर तो पावडरवाला आला. शेवाळाची भुकटी डब्यात भरून विकतो, डब्यावर आपल्या फांद्या हिरव्या रंगात छापल्या आहेत. नाना त्याला तासभर शिकवत होते. "फांदी म्हणजे काय, तर वाढण्याची शक्यता!" पावडरवाला म्हणाला, वा, हे डब्यावर टाकतो.

नंतर त्यांना सर्दी झाली. मग आईचा स्मृतिदिन आला, त्या दिवशी कसं सांगणार. मग एकदा सगळं जुळून आलं, आत्या झोपलेली, दार लोटलेलं. मी म्हटलं, "नाना, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "सांग ना." आणि माझ्याकडे वळले. दिसत नाही, तरी वळतात. चेहऱ्यावर असा विश्वास की कुणी दुसऱ्याने माझ्याकडे तसं पाहिलं असतं तर मी मागे वळून बघितलं असतं, कुणाकडे बघतायत म्हणून.

मी म्हटलं, "उद्या नखं कापू या तुमची."

त्यांची तब्येत तशी उत्तम आहे. डॉक्टर म्हणतात नव्वदी गाठतील. त्यामुळे घाई नाही, असं मी स्वतःला सांगते, आणि हल्ली मला स्वतःचं सगळं पटतं.

पुढच्या सोमवारी नक्की.

तुझी ताई


९ मे

प्रिय गोगलगायीस,

तुझ्या बायकोला फोन करून कळवलंच आहे. त्या फोनमध्ये न मावलेलं हे पत्र.

मंगळवारी सकाळी नाना दाढी करताना पडले. एका गालावर साबण तसाच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर तरुण आहेत, खरं बोलतात. म्हणाले, ऐकू येतं आहे. समजतं किती, ते कुणी सांगू शकणार नाही.

गुरुवारी मी त्यांना सांगितलं.

सामान्य वॉर्ड, खाटांमध्ये नुसते पडदे. मी स्टूल डाव्या बाजूला घेतलं, त्यांचा हात हातात धरला आणि म्हटलं, "नाना, पंप मी बंद केला होता. तो खरं बोलत होता. फांद्या नाहीत." त्यांचं तोंड छताकडे होतं. वाटलं, मी हळू बोलले. पुन्हा सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी रेडिओ बंद केला. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू यायला लागलं, त्यामुळे आवाज आणखी चढला. औषधं वाटणाऱ्या नर्सबाई पडद्याशी थबकल्या. आता वॉर्डातल्या सात जणांना ठाऊक आहे की पंप मी बंद केला. ज्यांना सांगायचं होतं ते त्या सातांत आहेत की नाही, मला माहीत नाही.

नर्सबाई नंतर म्हणाल्या, "बाई, पंपाचं एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडेही बंद पडतो."

तू लिहिलं होतंस, सांगितलंस की कळव. 'सांगितलं' असा एक शब्द लिहून हे पाकीट चिकटवता आलं असतं. शब्दाला शब्द खरा असता आणि तू आला असतास. मी पेन उचललंही होतं. पण मी सांगितलं ते उशिरा. कळण्यासारखे होते तेव्हा नखं कापत बसले. तेव्हा तुझी अट मी पुरी केलेली नाही. यायचं की नाही ते तू ठरव. ये, असं म्हणायचा मला हक्क नाही.

ये.

तुझी ताई


३० मे

प्रिय गोगलगायीस,

तू दोन दिवस होतास आणि आपण एकूण अकरा वाक्यं बोललो. त्यातली चार आत्याच्या गुडघ्यांबद्दल. म्हणून उरलेलं इथे.

तू वॉर्डात आलास तेव्हा चपला बाहेर काढल्यास. हॉस्पिटलात कुणी काढत नाही. केस पांढरे झालेत तुझे, नाकाची ठेवण आईची झाली आहे. "नाना, मी आलोय," म्हणालास आणि त्यांचा डावा हात धरलास, चालणारा. त्यांनी मान तुझ्या आवाजाकडे वळवली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग हात सोडवून घेतला. हळू, एकेक बोट. पांघरुणाखाली नेला आणि तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांत या हालचाली होतात, अर्थ लावू नका. तू त्यांना दोनदा विचारलंस, दोनदा त्यांनी तेच सांगितलं. भला माणूस आहे. पण मी तीन आठवडे तिथे बसते आहे. नानांनी माझा हात कधी सोडवून घेतलेला नाही. आत्याचा नाही. सुई टोचणाऱ्या नर्सचाही नाही.

म्हणजे त्यांना समजत होतं. निदान तेवढं तरी. आणि मी तीनदा ओरडून सांगितलेलं पोचलं नव्हतं. त्यांच्यापाशी अजून माझं जुनंच वाक्य होतं.

मी तुझ्यासमोर चौथ्यांदा सांगायला लागले. त्यांच्या पाठीला सांगत होते. तू म्हणालास, "पुरे, तायडे." नऊ वर्षांनी तायडे म्हणालास, आणि मला ते ऐकून आनंद झाला. त्या खोलीत, त्या वेळी. याचीही मला लाज वाटते, पण झाला.

मग दोन्ही दिवस तू खुर्ची घेऊन बसलास, खाटेच्या कठड्यावर हात ठेवून, त्यांना न लावता. स्टेशनवर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तुला डब्यात पंख्याखालची जागा बघ म्हटलं.

तुझी ताई


१२ जुलै

प्रिय गोगलगायीस,

तुझं पत्र आलं. अडीच पानं! आत्याने हातात घेऊन वजन केलं. नाना गेल्यावर तू अंत्यविधीला आलास, मागे उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास, तेव्हा मला वाटलं होतं, आता संपलं. तुझ्या लेकीचं वाचलं. ती रसायनशास्त्र घेणार नाही म्हणते हे ऐकून बरं वाटलं, घराण्यात कुणीतरी शहाणं निघायला हवंच होतं. दुरुस्ती छापून आली. अंक वेगळा पाठवते. भिंतीवरची आकृती काढली, तिथे पांढरा चौकोन राहिला आहे.

शेवटच्या पानावर तू विचारलंस: 'मी परत गेल्यावर मधल्या तेवीस दिवसांत त्यांनी माझ्या बाबतीत काही खूण केली का? माझी खुर्ची होती त्या बाजूला मान वळवली का? हात बाहेर काढला का? खरं सांग.'

ते आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं, ही माझी चूक.

"लिही की," ती म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं होतं. नाव घ्यायचा प्रयत्न करत होते. तुझं काय जातं?"

"आत्या, तसं झालं नाही."

"मला सांगतेस? मी काय तिथे नव्हते? नऊ वर्षं खोटं टिकवलंस, ते वाइटासाठी. आता एकदा चांगल्यासाठी बोल. पोराचं उरलेलं आयुष्य सुखात जाईल. मेल्या माणसाला कोण विचारायला जातंय!"

मी एक पान लिहिलंही. त्यात सोळाव्या दिवशी संध्याकाळी नानांनी हात बाहेर काढला होता आणि खुर्चीच्या दिशेने नेला होता. खुर्ची रिकामी लागल्यावर डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. फार छान उतरलं होतं. वाचून मलाच भरून आलं. आणि तुला ते पटलं असतं, कारण तू माझं सगळं ऐकत आलास. फक्त एकदा ऐकलं नाहीस, ते टोकं मोजलीस तेव्हा. ते पान फाडलं.

तेवीस दिवस मी खाटेशी होते. रात्री आत्या असायची, सकाळी मी तिला विचारायचे, ती नाही म्हणायची.

नाही, गोगलगायी. खूण केली नाही. त्या बाजूला मान वळवली नाही. तुझं नाव मी रोज घ्यायचे, त्यावर पापणी हलली नाही. भरवताना मी त्यांचा हात पांघरुणाबाहेर काढत असे. झालं की ते परत आत घेत.

तुला खोटा समजूनच ते गेले. तसं त्यांना मी सांगितलं होतं.

ताई